"वय झालं की असंच" म्हणत आम्ही जे सोडून दिलं: म्हातारपणातला विसर, उदासी आणि वेळेत पाहायला हवे असे धोके

केतकी२१
१४ सप्टेंबर, रात्री ९.५०

मिरजेच्या आमच्या घरी २०१५च्या सुमारास आईने पहिल्यांदा डाळ करपवली. महिन्याभरात दुसऱ्यांदा. बाबा म्हणाले, "शिट्ट्या मोजायचं विसरायला लागलीस तू." आम्ही तिघं भावंडंही तेच म्हणालो. ती विसरत नव्हती, तिला शिट्ट्या ऐकूच येत नव्हत्या. हे कळायला आम्हाला आठ वर्षं लागली.

त्या आठ वर्षांत काय झालं ते क्रमाने लिहिते. आता मागे वळून पाहताना तो क्रमच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दोन-तीनदा डाळ करपल्यावर वहिनीने स्वयंपाकघर हातात घेतलं, तेही काळजीपोटीच. "आई, खूप केलंत, आता बसा तुम्ही." आई बसली. विरजण, भाजी निवडणं, दुपारचा चहा यांवर जिचा दिवस चाळीस वर्षं चालला, तिला सकाळी उठून करायला काही उरलं नाही. मग भजनी मंडळ सुटलं. गुडघे दुखतात म्हणायची. खरं कारण मंडळातल्या एका मावशींनी फार उशिरा सांगितलं. आईला पेटी नीट ऐकू येईना, ती एक ओळ मागे राहायची, आणि एकदा कुणीतरी हसलं. त्यानंतर ती गेली नाही.

२०१८ला बाबा गेले. त्यांच्याशी तरी ती बोलायची, कारण ते मोठ्याने बोलायचे. नंतर बोलेनाशीच झाली. जेवण अर्ध्यावर आलं, पहाटे तीनला जाग यायची, आणि "मला आता काय करायचंय" एवढं एकच वाक्य. आम्ही म्हटलं, दुःख आहे, ओसरेल. दीड वर्ष वाट पाहिली. मग ठेवलेले पैसे न सापडणं, कामवालीवर आळ, आणि एका संध्याकाळी पिशवीत दोन पातळं भरून दारात उभी, "मला घरी सोडा." २०२३मध्ये न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमर सांगितला. त्याच आठवड्यात तिची आयुष्यातली पहिली ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली. दोन्ही कानांचा दोष साठ डेसिबलच्या पुढे, म्हणजे नेहमीचं बोलणंही नीट ऐकू येऊ नये इतका.

मधल्या काळात डॉक्टर झालेच नाहीत असं नाही. आम्ही तिला दोन ठिकाणी नेलं होतं. एका ठिकाणी पाच मिनिटांत "वयाप्रमाणे आहे" सांगून टॉनिक लिहून दिलं. कान कुणी पाहिले नाहीत, मन कुणी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

नंतर मी वाचायला लागले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचा डिमेन्शियावरचा (स्मृती आणि बुद्धी ढासळत जाण्याचा आजार, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) एक आयोग आहे, लंडनच्या प्रा. जिल लिव्हिंग्स्टन त्याच्या प्रमुख आहेत. टाळता किंवा कमी करता येतील असे धोके त्यांनी २०१७मध्ये नऊ सांगितले, २०२०मध्ये बारा, आणि २०२४मध्ये चौदा. ते चौदाही हाताळता आले तर जगातल्या जवळपास ४५ टक्के डिमेन्शियाला रोखता किंवा पुढे ढकलता येईल असा त्यांचा अंदाज आहे. बीपी, मधुमेह, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, बैठं आयुष्य हे आपण ऐकून असतो. पण सर्वांत मोठा वाटा दोघांचा आहे, प्रत्येकी सात टक्के: वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, आणि कमी ऐकू येणं. त्याखालोखाल लहानपणचं अपुरं शिक्षण आणि म्हातारपणचा एकटेपणा, पाच-पाच टक्के. मग डोक्याला मार, नैराश्य, हवेचं प्रदूषण, नजर अधू होणं.

ती यादी वाचताना मी आमचंच घर वाचत होते. यादीत हे धोके वेगवेगळे छापलेले असतात. घरात ते एकमेकांचा हात धरून येतात. कान गेले म्हणून स्वयंपाकघर गेलं, मग मंडळ, मग माणसं, मग मन. प्रत्येक पायरीवर आमच्याकडे एकच उत्तर होतं, "वय झालं की असंच."

तुमच्या घरी अशी कुठली पायरी लक्षात आली, कशी आली, काय केलंत? कृपया लिहा. ज्यांच्या घरात आज कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतंय, त्यांच्यासाठी लिहा.

---

रेवा
१४ सप्टेंबर, रात्री १०.३५

केतकी, वाचून हात थांबले. आमच्या घरी (नाशिक) सासरे ७४ वर्षांचे आहेत. टीव्ही ४५वर असतो आणि त्यावरून रोज कटकट होते. फोन आला की "घे गं तू" म्हणून माझ्या हातात देतात. मी समजत होते की त्यांना बोलायचा कंटाळा येतो. या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेते. ते यायला तयार होतील का माहीत नाही, "मला काही झालेलं नाही" हे ठरलेलं आहे.

---

निरामय
१५ सप्टेंबर, सकाळी ७.१०

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. केतकी, आधी तुमच्यासाठी एक गोष्ट. ४५ टक्के हा आकडा सगळ्या लोकसंख्येचा आहे. "आईचे कान वेळेत तपासले असते तर तिला अल्झायमर झालाच नसता" असं त्यातून निघत नाही. वय आणि आनुवंशिकता हे मोठे धोके आपल्या हातात नाहीत. एपीओई-४ हे जनुक असलेल्यांना धोका जास्त असतो, आणि ते जनुक असूनही कित्येकांना आजार होत नाही. तुम्ही स्वतःला लावून घेतलेला दोष आकड्यांच्या आधाराने तरी टिकत नाही.

आता कान आणि मेंदू यांच्या संबंधाबद्दल. तुटक ऐकू आलेलं वाक्य जुळवण्यातच मेंदूची ताकद खर्च होते, मग लक्षात ठेवायला कमी उरते. आवाज पोचेनासे झाले की मेंदूच्या त्या भागांना कामच राहत नाही. आणि माणूस चारचौघांत जायचं टाळतो. तिन्ही गोष्टी एकदम चालू असतात.

श्रवणयंत्राने धोका नक्की कमी होतो का, यावर अमेरिकेत 'अचीव्ह' नावाची चाचणी झाली, २०२३मध्ये तिचे निष्कर्ष आले. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. सगळे मिळून पाहिले तर फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून हृदयरोग, मधुमेह असे धोके जास्त होते त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणून मी पेशंटला सांगतो, यंत्र म्हणजे विसरावरचं औषध नाही, पण बीपी-शुगर असलेल्या आणि ऐकू न येणाऱ्या माणसाने ते टाळू नये. आणि आधी कानातला मळ काढून घ्या. दर काही दिवसांनी माझ्याकडे असा एक "बहिरा" माणूस येतो, ज्याच्या कानात फक्त मळाचा खडा असतो.

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. विसर दिसला म्हणजे डिमेन्शियाच, असं धरून बसू नका. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, रक्तातलं सोडियम, डोक्यातला रक्तस्राव, औषधांचा दुष्परिणाम आणि नैराश्य, एवढ्या गोष्टी तरी आधी पाहायला हव्यात. बी-१२ची कमतरता आपल्याकडे फार सापडते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६मध्ये पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांत पाहिलं तर ६७ टक्क्यांचं कमी होतं. शाकाहार, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षं पित्ताची गोळी, हे तिन्ही एकाच ताटात असलेली आज्जी प्रत्येक गल्लीत आहे.

आणि काल बरा असलेला माणूस आज बरळायला लागला, तर तो डिमेन्शिया नसतो. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम खाली जाणं, लघवी तुंबणं असं काहीतरी असतं. अशा अचानक बरळण्याला डिलिरियम म्हणतात. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

---

तळकोकणी
१५ सप्टेंबर, सकाळी ९.०५

निरामय यांनी डोक्यातल्या रक्तस्रावाचं लिहिलंय, म्हणून आमचा अनुभव लिहितो.

बाबा ७९. कुडाळजवळ गाव. गेल्या पावसाळ्यात मागच्या पडवीत शेवाळावरून घसरले, डोकं खांबाला आपटलं. रक्त नाही, उलटी नाही, संध्याकाळी स्वतः उठून दिवा लावला. आम्ही विसरलो. तीन आठवड्यांनी गाईचं नाव चुकलं. मग धोतर नेसताना गोंधळ व्हायला लागला, एक पाय ओढत चालायला लागले. वाडीतले म्हणाले, म्हातारपण आलं. एकाने सांगितलं, देवाक कौल लाव. माझी बहीण पुण्यात नर्स आहे. तिने फोनवर एवढंच विचारलं, "पडले होते का?" आणि लगेच सीटी स्कॅनला न्यायला सांगितलं. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठून मेंदूवर दाब आला होता. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत होते, हे त्यात भर घालणारं होतं. गोव्याला नेऊन ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी त्यांनी मला गाईच्या पाड्याचा हिशेब विचारला.

आता पडवीत काथ्याची पायपुसणी, न्हाणीत धरायला दांडा आणि रात्री बल्ब चालू. एवढंच केलंय. ते आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

---

घाटमाथा
१५ सप्टेंबर, दुपारी १.२०

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो. आपल्या पिढीत हे सगळीकडे ऐकू येतं, आमच्या आजी-आजोबांच्या वेळी गावात असं कुणी नव्हतं. एकत्र कुटुंब, शेतातलं काम, साधं जेवण. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अभ्यास झाला होता, तिथे अल्झायमर जगात सर्वांत कमी असलेल्या ठिकाणांइतका निघाला. म्हणजे शहरी राहणीमानाचाच हा आजार आहे ना?

---

पारिजात_
१५ सप्टेंबर, दुपारी ३.४५

घाटमाथा, बल्लभगढचा अभ्यास खरा आहे आणि मीही तो वाचून सुखावले होते. पण नंतरचं चित्र वेगळं आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेची 'लासी' ही ज्येष्ठांची मोठी पाहणी आहे ना, तिला जोडून डिमेन्शियाचा स्वतंत्र अभ्यास झाला आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या भारतीयांत प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. आणि ते शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

आणि "असं कुणी नव्हतं" म्हणताना आपली भाषाच आठवून पाहा. म्हातारचळ. भ्रमिष्ट. "साठी बुद्धी नाठी." हे शब्द कुठल्या माणसांकडे बघून आले? माझी पणजी माजघरातून रात्री उठून "गुरं सोडायची राहिली" म्हणत अंगणात जायची, म्हणून तिच्या खोलीला बाहेरून कडी घातलेली असायची. माझ्या आईने हे मला अगदी सहज सांगितलं, कारण घरात त्याला आजार कुणी म्हटलंच नव्हतं.

---

घाटमाथा
१५ सप्टेंबर, दुपारी ४.३०

कडीचं वाचून आमच्या थोरल्या आजोबांची ओसरीमागची खोली आठवली. मान्य.

---

कृष्णाकाठ
१५ सप्टेंबर, रात्री ८.१५

बायकांत आणि खेड्यांत जास्त का, यावर थोडं. चौदांमधला "अपुरं शिक्षण" हा धोका वाचला की मला आमच्या निपाणीकडच्या आज्या आठवतात. तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या, तिसरी-चौथीत शाळा सुटलेल्या. लहानपणी मेंदूला जे खाद्य मिळतं त्यातून एक शिल्लक तयार होते, पुढे आजार आला तरी ती शिल्लक काही वर्षं निभावून नेते, असं यामागचं स्पष्टीकरण आहे. ती शिल्लक या बायकांना जमवूच दिली नाही. शाळा सोडवली ती घरच्यांनी, धाकट्या भावंडांना सांभाळायला. सत्तर वर्षांनी त्याची किंमत तिनेच मोजायची. आयुष्यभर चुलीपुढचा धूर खाल्ला तोही तिनेच, आणि प्रदूषित हवा हाही यादीतला धोका आहे.

पण एक दिलासा देणारी गोष्टही आहे. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचे ६४८ पेशंट तपासले, २०१३मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार साडेचार वर्षं उशिरा दिसला होता, आणि हा फरक निरक्षर माणसांतही होता. आमची आज्जी सही करताना अंगठा द्यायची, पण बाजारात कन्नडमध्ये घासाघीस, घरी मराठी, बागवान बायकांशी त्यांच्या हिंदीत. नव्वदीत गेली, शेवटपर्यंत वखारीतल्या बायकांची नावं सांगायची. एका आज्जीवरून काही सिद्ध होत नाही हे कळतं मला. तरी नातवंडांशी घरात मराठीच बोला, असं मी सगळ्यांना सांगते, त्यात हेही एक कारण धरते.

---

न्यूजर्सीकर
१६ सप्टेंबर, सकाळी ६.४०

इथे रात्र आहे, झोप लागेना म्हणून लिहितोय.

आई पुण्यात फ्लॅटमध्ये एकटी, ७६. मी रोज व्हिडिओ कॉल करतो. "जेवलीस का, हो. औषध घेतलंस का, हो. बरी आहेस ना, हो." अकरा वर्षं. मला वाटत होतं मी संपर्कात आहे. डिसेंबरात गेलो तेव्हा फ्रीजमध्ये एकाच भाजीचे सहा डबे होते, बुरशी आलेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चार महिने खाली उतरल्या नाहीत रे त्या. तुला सांगू नको म्हणाल्या." ज्येष्ठ नागरिक संघात तिची मैत्रीण होती, ती मुलीकडे बंगळुरूला गेली आणि आईचं जाणंच थांबलं. माझ्या कॉलला ती तयार होऊन, केस विंचरून बसायची.

औषधांच्या डब्यात झोपेची गोळी सापडली. बाबा गेले तेव्हा कुणीतरी पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली होती. ती नऊ वर्षं चालू आहे. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणायची. शिवाय सर्दीची गोळी रोज, "तिने झोप छान लागते" म्हणून. निरामय, या गोळ्यांनी विसर वाढतो का? मी त्या बंद करू का?

---

निरामय
१६ सप्टेंबर, सकाळी ७.३०

स्वतःहून एकदम बंद करू नका. नऊ वर्षांची अल्प्राझोलाम अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात. मानसोपचारतज्ज्ञ किंवा फिजिशियनच्या देखरेखीखाली आठवड्यांत, महिन्यांत थोडी-थोडी कमी करायची असते. हो, या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसात गुंगी, विसर आणि पडणं वाढतं. सर्दीच्या जुन्या गोळ्या (क्लोरफेनिरामाइन वगैरे) मेंदूतल्या ज्या रसायनाला अडवतात ते स्मृतीला लागणारंच रसायन आहे. लघवी वारंवार होते म्हणून दिलेली काही औषधं आणि नैराश्यासाठी देतात ती अमिट्रिप्टिलिनही त्याच जातीची. पुढच्या वेळी याल तेव्हा सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. पेशंटच्या तोंडी यादीवर विसंबू नका.

आणि रोजच्या कॉलबद्दल स्वतःला कमी लेखू नका. फक्त प्रश्न बदला. "हो" म्हणून संपणार नाही असं काहीतरी विचारा. बाकरवडीसारखी आळूवडी कशी वळायची ते सांग म्हणा, समोर करून घ्या.

---

स्वल्पविराम
१६ सप्टेंबर, दुपारी १२.१०

मी हे कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या वडिलांबद्दल.

निवृत्त मुख्याध्यापक. ६९व्या वर्षी पाढे विसरायला लागले, पेपर उघडून त्याच पानावर तासभर. आम्ही अल्झायमर गृहीत धरला, भाऊ तर देखभालीसाठी ब्युरोची माणसं शोधायला लागला. न्यूरॉलॉजिस्टनी आम्हाला बाहेर बसवून त्यांना पंधरा साधे प्रश्न विचारले, हो-नाहीचे. आयुष्य रिकामं वाटतं का, घरीच बसावंसं वाटतं का, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं का. वृद्धांच्या नैराश्यासाठीची ती ठरलेली प्रश्नावली आहे. बाबांनी तेरा प्रश्नांना असं उत्तर दिलं की डॉक्टरांनी लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

घरात वादळ. "वेड्यांच्या डॉक्टरकडे मास्तरांना नेणार?" काका दोन महिने बोलले नाहीत. बाबांना गंभीर नैराश्य होतं. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस संपला होता, आणि शाळेतल्या एका जुन्या आरोपाचं ओझं ते एकटेच वाहत होते. गोळ्या चालू केल्या, पहिले दोन आठवडे काहीच नाही, सहाव्या आठवड्यात त्यांनी स्वतः दाढी केली. चार महिन्यांनी पाढे परत आले.

डॉक्टरांनी मला एक खूण सांगितली होती, ती लिहिते. नैराश्यातला माणूस स्वतःच म्हणतो, मला काही आठवत नाही, आणि प्रयत्न सोडून देतो. डिमेन्शियातला माणूस बहुधा झाकतो, हसून विषय बदलतो, तक्रार घरचे करतात. पण हा नियम नाही. नैराश्य हा डिमेन्शियाचा धोका आहे आणि कधी कधी त्याची पहिली खूणही असते, म्हणून आजही दरवर्षी बाबांची स्मृतीची तपासणी होते.

आणि म्हातारा माणूस उदास आहे हे तोंडाने सांगत नाही. तो पोट, पाठ, जळजळ, बद्धकोष्ठ सांगतो. "मी कुणाला भार नको" हे वाक्य मात्र आलं की तिथेच थांबा. आमच्याकडे ते आलं होतं आणि आम्ही "असं काय बोलता" म्हणून उडवून लावलं. शेजारी बसून, सरळ विचारायला हवं होतं की जगावंसं वाटत नाही का. विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास.

---

दादरकर_नाना
१६ सप्टेंबर, सायंकाळी ५.५५

मी स्वतः ७१. रोज शब्दकोडं सोडवतो, ब्राह्मीच्या गोळ्या आणि पाच बदाम चालू आहेत. हे पुरेसं आहे का, की आणखी काही घेऊ?

---

निरामय
१६ सप्टेंबर, रात्री ९.२०

नाना, शब्दकोडं आवडतं म्हणून जरूर सोडवा. बदामाने काही बिघडत नाही. पण कमतरता नसताना गोळ्या खाऊन डिमेन्शिया टळतो याला भक्कम पुरावा नाही. त्या पैशात बीपीचं यंत्र घ्या. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट माइंड' या २०१९च्या चाचणीत वरचं बीपी १२०च्या आत ठेवलेल्यांमध्ये सौम्य स्मृतिदोष १९ टक्क्यांनी कमी दिसला. सगळ्यांनी १२० गाठायचं असं नाही, तुम्हाला उठताना चक्कर येते का ते पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. फिनलंडमधल्या 'फिंगर' चाचणीत चालणं-व्यायाम, आहार, बुद्धीला काम आणि बीपी-शुगरवर लक्ष या सगळ्याची दोन वर्षं सांगड घातली, तेव्हा फरक पडला. एकेकटं काही धरून बसू नका.

मोतीबिंदू आहे का? असेल तर पुढे ढकलू नका. मोतीबिंदू काढलेल्यांमध्ये डिमेन्शिया सुमारे ३० टक्के कमी आढळला असा एक मोठा अभ्यास २०२२मध्ये आला आहे. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, कार्यकारण सिद्ध करत नाही, पण नीट दिसायला लागेल हा फायदा तर नक्कीच आहे.

---

पारिजात_
१७ सप्टेंबर, सकाळी १०.००

ज्यांच्या घरी निदान झालेलं आहे त्यांच्यासाठी. माझे वडील ८१, त्यांना सांभाळणारी आई ७५. दोन वर्षं सगळ्यांचं लक्ष बाबांकडे. आईचं बीपी, आईची झोप, आईचं दिवसभर कुणाशी न बोलणं कुणी मोजलंच नाही. तीही त्याच यादीतल्या धोक्यांच्या मधोमध उभी आहे, हे मला तिचा चष्मा फुटून महिना झाला तरी तिने सांगितलं नाही तेव्हा कळलं. आता आठवड्यातून दोन दुपारी मी किंवा बहीण बाबांजवळ बसतो आणि आई बाहेर जाते. कुठे ते विचारत नाही. पहिल्या दिवशी ती नुसती बसने स्टँडपर्यंत जाऊन आली.

पैशाचं: ज्यांचं वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आहे आणि वय ६५च्या पुढे, त्यांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा वस्तूंसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. श्रवणयंत्राला ते पुरत नाहीत, पण चष्मा होतो. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि विमा कंपनीने मानसिक आजार म्हणून नकार दिला तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम २१ दाखवा, शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायला त्यात सांगितलं आहे.

---

रेवा
११ ऑक्टोबर, रात्री ९.१५

उशिरा लिहिते आहे. सासऱ्यांना नेलं. "तुम्हाला ऐकू येत नाही" म्हटलं असतं तर आलेच नसते. नवऱ्याने सांगितलं, "बाबा, मला स्वतःला तपासून घ्यायचंय, सोबत चला." दोघांचीही तपासणी झाली. सासऱ्यांच्या उजव्या कानात खडाच होता, तो काढला. तरीही दोन्ही कानांना मध्यम दोष निघाला. यंत्र आठवडाभर वापरून बघायला दिलं.

पहिले चार दिवस फार वाईट. कागदाची सळसळ, भांडी, पंखा, सगळं अंगावर येतं म्हणाले. काढून खिशात ठेवायचे. तंत्रज्ञ बाईंनी सांगितलं, पहिल्यांदा घरात शांत वेळी तासभरच लावा, एका माणसाशी बोला, मग वाढवा. वर्षानुवर्षं बंद असलेलं ऐकायला मेंदूला वेळ लागतो. आता सकाळी चार तास लावतात. टीव्ही २२वर आहे. परवा त्यांच्या भावाचा मालेगावहून फोन आला, तो त्यांनी स्वतः घेतला आणि गॅलरीत जाऊन बोलले. अठरा मिनिटं. मी घड्याळ बघत होते.

बी-१२ पण कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. केतकी, यंत्राचे सेल लवकर संपतात का हो? आमचे पाचव्या दिवशी गेले.

---

केतकी२१
१२ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

रेवा, अठरा मिनिटं! मला फार बरं वाटलं.

सेलचं: रात्री काढून ठेवताना सेलचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर यंत्र चालूच राहतं. छोट्या डबीत ओल शोषणारी पुडी टाका, पावसाळ्यात तर नक्कीच. सेलवरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. तरी पाचव्या दिवशी गेले तर दाखवून घ्या.

आईला यंत्र फार टिकत नाही, ती काढून टाकते, दोनदा कुंडीत सापडलं. म्हणून आम्ही आता समोर बसून, तोंड दिसेल असं, हळू आणि जाड आवाजात बोलतो. वहिनीने तिला भाजी निवडायला परत दिली आहे. मटार सोलते, कधी टरफलं भांड्यात आणि दाणे कागदावर जातात. वहिनी नंतर वेगळे करते, तिच्यासमोर नाही. मंडळातल्या त्या मावशी गुरुवारी येतात आणि पेटी घेऊन तिच्या अगदी जवळ बसतात.

शनिवारी मी आणि दादा दोघंही ऑडिओमेट्रीला जातोय. मी ५३, तो ५७. लॅन्सेटच्या यादीत कानाचा धोका मध्यमवयात धरला आहे, आणि दादा गेले वर्षभर फोन स्पीकरवर टाकूनच बोलतो. सोबत दोघांचं एलडीएल आणि बी-१२ही देऊन येऊ. रिपोर्ट आले की इथेच लिहिते.